आकाशातला पाणाड्या

दोस्तांनो, समजा तुमच्या मामांच्या शेतातली विहीर यंदा फेब्रुवारीतच आटली. मोसंबीची झाडं माना टाकायला लागली आहेत. मामांनी ठरवलं, बोअर मारायचा. उद्या सकाळी बोअरची गाडी येणार. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, म्हणजे जितके फूट खाली जाल तितकं बिल वाढणार. आणि पाणी लागो न लागो, बिल भरावंच लागतं! शेत चार एकरांचं आणि भोक वीतभरही रुंद नाही. आता सांगा, ते कुठे पाडायचं?

गावात अशा वेळी हटकून पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की म्हणतो, ‘मारा इथंच!’ कुणी फाटा असलेली ओली काडी धरतो, कुणी आणखी काही. नारळाला किंवा काडीला पाणी कळतं, याला काही आधार नाही बरं का. पण चाळीस वर्षं रानोमाळ हिंडलेल्या माणसाच्या डोळ्यांना जमिनीची घडण कळत असेल, ही गोष्ट वेगळी. ओढा इथेच का वळला, उंबर इथेच का वाढला, हे तो नकळत बघत असतो. पाणी लागलंच तर ते श्रेय डोळ्यांना द्यावं, नारळाला नको.

खुणांवरून पाणी शोधायची ही युक्ती फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात भूजलावर एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे. त्याचं नाव ‘दकार्गल’. कुठलं झाड, कुठलं वारूळ, कसला दगड दिसला तर पाणी कुठे असेल, असं त्यात सांगितलेलं आहे. त्यातलं सगळंच बरोबर असेल असं नाही. पण जमिनीखालचं दिसत नाही म्हणून जमिनीवरचं नीट बघायचं, ही कल्पना अगदी पक्की. आज हेच काम आठशे किलोमीटर उंचीवरून होतं!

थांबा, थांबा. ‘म्हणजे उपग्रहाला जमिनीखालचं पाणी दिसतं?’ असं विचारणार होतात ना? नाही दिसत. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण मोठी माणसंही इथे फसतात. फोटो काढणाऱ्या उपग्रहाला मातीच्या बोटभर थराखालचंसुद्धा दिसत नाही. मग तो करतो काय? डॉक्टर पोट न फाडता जीभ बघतात, डोळे बघतात, नाडी बघतात आणि आतलं दुखणं ओळखतात. उपग्रहही जमिनीची जीभ आणि डोळे बघतो म्हणा ना!

आता आधी जमिनीच्या पोटात जाऊ. तिथे पाणी कसं असतं? पुष्कळांना वाटतं, खाली मोठमोठी तळी आणि नद्या आहेत. आपल्याकडे तसं काही नाही. एका पेल्यात खडी भरा आणि वरून पाणी ओता. पेला ‘भरलेला’ होता, तरी पाणी मावलं की नाही? ते गेलं खड्यांमधल्या फटींत. भूजल असंच असतं. कणांमधल्या जागेत, खडकाच्या भेगांत, झिजलेल्या मुरमात.

महाराष्ट्राची पंचाईत इथेच सुरू होते. आपल्या राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसॉल्ट या काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. थाळीत पोळ्यांची चवड रचावी तसं. घाटातून जाताना डोंगराला पायऱ्या दिसतात, त्या याच चवडीच्या कडा. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला आहे.

प्रत्येक थराची घडण गमतीची असते. लाव्हा थिजताना त्यातले वायू वर यायला बघतात, म्हणून थराचा वरचा भाग ढोकळ्यासारखा भोकाभोकांचा होतो. खालचा भाग मात्र घट्ट कातळ. तुम्ही म्हणाल, मग ढोकळ्यात पाणीच पाणी असेल! तर तसंही नाही. ही भोकं बहुधा एकमेकांना जोडलेली नसतात आणि पुष्कळदा पांढऱ्या स्फटिकांनी बुजलेली असतात. घाटात दगडात चमकतात ना, तेच. हा भाग हवापाण्याने झिजला, कुजला, भेगाळला तरच पाणी धरतो. कातळात तर पाणी फक्त भेगेत. भेग सापडली तर बोअरला धो धो पाणी, आणि दहा पावलांवर दुसरा बोअर मारला तर नुसता धुरळा! शेजाऱ्याला लागलं म्हणून आपल्याला लागेल असं इथे म्हणताच येत नाही. मामांच्या पैशांचा जुगार होतो तो याचमुळे.

आता वर, आकाशात. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह बैकानूरहून सोव्हिएत रॉकेटावर बसून वर गेला. जमिनीचं निरीक्षण नेमाने करत राहणारा आपला तो पहिला पूर्ण कामाचा उपग्रह. त्याच्या चांगल्या कॅमेऱ्यात जमिनीचा सुमारे छत्तीस मीटर बाजूचा चौकोन म्हणजे चित्रातला एक ठिपका. १९९५ साली आयआरएस-१सी गेला, त्याच्या एका कॅमेऱ्यात हा चौकोन साडेतेवीस मीटरांचा झाला. त्याच जातीचे कॅमेरे नंतरच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरही बसवले गेले. मामांची विहीर या ठिपक्यात दिसणार नाही. पण ओढा दिसतो, टेकडी दिसते, शेत दिसतं.

आणि झाडं दिसतात ती लाल! छापण्यात चूक नाही. हिरव्या पानांवरून आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत फिरतात. उपग्रहाचा कॅमेरा ते पकडतो. पण चित्रात दाखवायचे कसे, डोळ्यांना तर तो रंगच माहीत नाही! म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला लाल रंग देऊन टाकला. अशा चित्रात दाट झाडी लालभडक, उघडी माळरानं फिकट करडी-निळसर, आणि साठलेलं स्वच्छ पाणी काळंभोर. पावसाळ्यानंतरचं चित्र बघाल तर लालेलाल, त्यातून फारसं काही कळत नाही. खरी मजा एप्रिलच्या चित्रात. सगळा माळ करडा पडलेला आणि मधूनच एक बारीक लाल रेघ सरळच्या सरळ गेलेली. पाऊस संपून सहा महिने झाले, मग ही झाडं कुणाच्या जिवावर हिरवी आहेत? पोटात काहीतरी असणार!

तज्ज्ञ लोक अशा सरळ रेघांच्या मागे लागतात. ओढा नागमोडी जाता जाता एकदम पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ वाहायला लागला, तर खाली खडकाला भेग असण्याची शक्यता असते. पाण्याला सोपी वाट सापडलेली असते ती. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा तर फारच महत्त्वाची. पण इथेही सावध राहावं लागतं. सरळ रेघ म्हणजे रेल्वेचा रूळ असू शकतो, कालवा असू शकतो, शेताचा बांधही असू शकतो. कधी कधी जुन्या भेगेत लाव्हा घट्ट बसून दगडाची भिंत तयार झालेली असते. ती जमिनीखाली बांध घातल्यासारखं पाणी अडवते. मग भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी आणि खालच्या अंगाला ठणठणाट! चित्रात मात्र दोन्हीकडे रेघ एकच.

नुसत्या रेघांवर काम भागत नाही. उतार किती? जिथे उतार जास्त, तिथे पावसाचं पाणी थांबतच नाही, मग मुरणार कधी? उतार मोजायला उंची हवी. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवस रडारने पृथ्वी तपासली आणि बहुतेक जमिनीच्या उंचीचे आकडे मिळवून दिले. पुढे २००५ मध्ये आपला कार्टोसॅट-१ गेला. त्याला दोन कॅमेरे होते, एक थोडा पुढे बघणारा आणि एक मागे. आपल्या दोन डोळ्यांमुळे खोली कळते ना, तसंच. मग ओढ्यांचं जाळं बघायचं. एखाद्या भागात ओहोळच ओहोळ असतील तर समजायचं की पाणी मुरत नाही, वाहून जातं. जमिनीवर काय आहे तेही हवं. शेत, जंगल, उघडा खडक की सिमेंटचं शहर? शिवाय माती. आपली काळी माती पावसात फुगते, भेगा बुजतात आणि पाणी सावकाश मुरतं. मुरमाड जमीन त्या मानाने पाणी लवकर आत घेते.

अशी एकेक माहिती एकेका नकाशावर मांडायची. मग हे नकाशे एकावर एक ठेवायचे. संगणकावर हे काम करणाऱ्या पद्धतीला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात, थोडक्यात जीआयएस. नाव भारदस्त आहे, पण तत्त्व ट्रेसिंग पेपरचं. पाच पारदर्शक कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले की झाली घरगुती जीआयएस.

एक गंमत करून बघू. मनातलं एक गाव घ्या. त्यात तीन जागा आहेत. टेकडीचा उतार, सपाट माळ, आणि ओढ्याकाठची खोलगट जागा. प्रत्येक नकाशावर जागेला १ ते ३ गुण द्यायचे. पण सगळ्या नकाशांचं महत्त्व सारखं नाही, म्हणून गुणांना वजनाने गुणायचं. जमिनीच्या घडणीला वजन ५, रेघांना ४, उताराला ३, ओढ्यांच्या दाटीला २ आणि मातीला १. टेकडीला मातीचे २ गुण मिळाले आणि बाकी सगळीकडे १, म्हणून तिची बेरीज ५ + ४ + ३ + २ + २ = १६. माळाला घडणीचे २, रेघांचा १, उताराचे ३, ओढ्यांचे ३, मातीचे २. बेरीज १० + ४ + ९ + ६ + २ = ३१. ओढ्याकाठी दोन रेघा छेदतात. तिला घडणीचे ३, रेघांचे ३, उताराचे ३, ओढ्यांचे २ आणि काळी माती म्हणून १. बेरीज १५ + १२ + ९ + ४ + १ = ४१. जास्तीत जास्त गुण होतात ४५. म्हणजे ओढ्याकाठची जागा झाली ‘चांगली’, माळ ‘मध्यम’ आणि टेकडी ‘कमी’. संगणक हाच हिशेब लाखो ठिपक्यांसाठी करतो आणि मग गडद निळा, फिकट निळा, पिवळा असा सुंदर नकाशा रंगवून देतो.

तुमच्यातला एखादा चौकस मित्र किंवा मैत्रीण लगेच विचारेल, ‘घडणीला ५ आणि मातीला १, हे ठरवलं कुणी?’ शाबास! हाच प्रश्न विचारायला हवा. ते माणसांनी ठरवलं. अनुभवी भूवैज्ञानिक दोन-दोन गोष्टींची जोडी लावून यातली महत्त्वाची कोणती, किती पटीने, असं ठरवत जातात. थॉमस साटी नावाच्या गणितज्ञाने १९७० च्या दशकात यासाठी एक पद्धत बसवली. ‘अ’ हा ‘ब’पेक्षा मोठा, ‘ब’ हा ‘क’पेक्षा मोठा आणि पुन्हा ‘क’ हा ‘अ’पेक्षा मोठा, असा घोळ आपण घातला तर तो तिच्यात पकडला जातो. पण वजनं बदला, की नकाशा बदलतो. नकाशा रंगीत आहे आणि संगणकातून आलाय, म्हणून तो खरा ठरत नाही, हे लक्षात असू द्या.

आणखी एक मजा. वर मी खडकाचा नकाशा घेतलाच नाही, पाहिलंत? मुद्दामच. गावभर एकच बेसॉल्ट असेल तर खडकाचा नकाशा सगळा एकाच रंगाचा होणार. वर्गात सगळ्यांना चित्रकलेत सारखेच गुण मिळाले तर त्यावरून पहिला नंबर काढता येईल का? पण तुम्ही विदर्भात गेलात, तर पूर्वेकडे वेगळे जुने खडक आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यात जाडच जाड गाळ. तिथे खडकाचा नकाशा फार मोलाचा.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या मुलांनी ‘पूर्णा’ वाचताच कान टवकारले असतील. तिथल्या गाळात पाणी आहे, पण पुष्कळ ठिकाणी ते खारट आहे. त्या भागाला नावच पडलंय खारपाणपट्टा. नकाशाने निळा रंग दिला, तुम्ही खोदलंत, पाणीही लागलं, आणि पहिला घोट थुंकून टाकावा लागला तर? उपग्रहाला पाण्याची चव कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.

आता मामांकडे परत येऊ. त्यांनी या नकाशावर बोट ठेवून ‘इथे मारा’ म्हणावं का? १९८६ मध्ये देशात पिण्याच्या पाण्याचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्या कामासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने पुढे भूजलाच्या शक्यतेचे सविस्तर नकाशे केले. त्यांचं प्रमाण १ : ५०,०००. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. पेन्सिलीचा एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे झाले पन्नास मीटर! मामांचं शेत त्या नकाशावर दोन-तीन ठिपक्यांत संपलं. तेव्हा नकाशा सांगतो, गावाच्या कुठल्या अंगाला शोधायचं आणि कुठे उगाच पैसे घालवायचे नाहीत. नेमकी जागा शोधायला जमिनीवर उतरावंच लागतं.

तिथे विजेची तपासणी कामाला येते. ओल्या हाताने बटणाला हात लावू नकोस, असं आई का ओरडते? पाण्यामुळे वीज सहज वाहते म्हणून. हीच युक्ती. जमिनीत एका ओळीत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोहोंमध्ये किती दाब पडतो ते मोजतात. बाहेरच्या सळया जसजशा लांब नेऊ तसतशी वीज जास्त खोल जाते. कोरडा कातळ वीज अडवतो, ओला भेगाळ खडक तिला वाट देतो. अर्थात इथेही एक लबाड आहे. ओली चिकणमातीही वीज छान वाहून नेते, पण पाणी सोडत नाही! म्हणून आकडे बघणारा माणूस जाणता हवा. या तपासणीला खर्च येतो. पण कोरड्या बोअरच्या बिलापुढे तो परवडतो.

सगळ्यात मोठी परीक्षा घेतात त्या जुन्या विहिरी. नकाशा करताना विहिरींची माहिती बाजूला ठेवायची आणि नंतर ती नकाशावर टाकून बघायची. भरपूर पाण्याच्या विहिरी निळ्या भागात पडल्या तर नकाशा पास. त्या पिवळ्यात पडायला लागल्या तर वजनं पुन्हा तपासा. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजत असते. कुणीतरी टेप घेऊन विहिरीच्या काठावर वाकतं, म्हणून उपग्रहाचा नकाशा खरा की खोटा ते कळतं.

जाता जाता एक सांगतो. पाण्याचं ‘वजन’ करणारे उपग्रहही आहेत! २००२ मध्ये ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी गेली. एक पुढे आणि दुसरा सुमारे २२० किलोमीटर मागे. त्यांची लाडकी नावं टॉम आणि जेरी. खाली पाण्याचा साठा जास्त असेल तर गुरुत्वाकर्षण किंचित जास्त, आणि तेवढ्याने दोघांमधलं अंतर केसाहूनही कमी बदलतं. तेच मोजायचं. त्यावरून कळलं की २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा, दिल्ली या पट्ट्यातून १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं. २०१७ मध्ये ही जोडी निवृत्त झाली आणि २०१८ मध्ये दुसरी गेली. पण टॉम आणि जेरीची नजर इतकी ढोबळ, की शेकडो किलोमीटरचा प्रदेश एका घासात घेतात. मामांच्या शेताला त्यांचा काही उपयोग नाही.

त्यांनी मोजलेली ती घट मात्र विसरू नका. जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आपलाच आहे. समजा गावाचा नकाशा आला आणि ओढ्याकाठचा निळा पट्टा सगळ्यांना दिसला. प्रत्येकाने तिथेच बोअर मारला तर? निळा रंग ‘इथे पाणी साठू शकतं’ एवढंच सांगतो. किती उपसलं तर उरेल ते सांगत नाही. म्हणून जाणती गावं हा नकाशा उलटाही वाचतात. पाणी कुठून काढायचं याच्याआधी ती बघतात, पाणी कुठून आत घालायचं. पाझर तलाव, नाल्यावरचे बांध, समतल चर यांच्या जागा त्यावरूनच ठरवता येतात. कातळावर तळं बांधलं तर पाणी दिसेल छान, पण जिरणार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तर शेतीसाठी बोअर मारायचाच नाही असं ठरवलं. पाऊस मोजायचा, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिकं ठरवायची. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं बंद! हे ठरवायला उपग्रह लागला नाही. ग्रामसभा लागली.

आता तुमचं काम. ‘भुवन’ हे इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. आई-बाबांना बरोबर घेऊन त्यावर आपलं गाव शोधा. मग ट्रेसिंग पेपरवर ओढे, टेकड्या आणि रस्ते काढा. दुसऱ्या कागदावर विहिरी आणि बोअर मांडा. प्रत्येकाजवळ तीन गोष्टी लिहा. खोली किती, पाणी कुठल्या महिन्यात आटतं, आणि चव कशी. आजोबांना विचारलंत तर कोरडे गेलेले, बुजवून टाकलेले बोअरही सांगतील, तेही लाल फुलीने दाखवा. ती माहिती कुठल्याच उपग्रहाकडे नाही. विहिरीच्या काठाशी एकट्याने जायचं नाही, मोठं माणूस बरोबर हवंच. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीला लावा आणि फुल्या कुठे पडल्यात ते बघा. कोपऱ्यात तारीख टाकायला विसरू नका. मे महिन्यातला नकाशा ऑक्टोबरातल्या नकाशाशी जुळणार नाही.